चार थेंबांचा अर्ज

गेल्या दिवाळीत जावयानं मला एक बाटली भेट दिली. बोटाएवढी, निळ्या काचेची, झाकणाला ड्रॉपर. "बाबा, हे दाढीचं तेल. एकदम नॅचरल. दाढीच्या आधी चार थेंब गालाला लावायचे, मग बघा, ब्लेड कसं अलगद फिरतं," म्हणाला. मुलगा चांगला आहे, पुण्याला नोकरी करतो. आपल्या सासऱ्यानं बेचाळीस वर्षं लोकांच्या दाढ्या केल्या, हे बिचारा त्या क्षणी विसरला असावा. मी चष्मा लावून लेबल वाचलं. तिळाचं तेल. एरंडेल. वापरण्याची पद्धत. मी बाटली टेबलावर ठेवली आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

आतून सिंधूचा, म्हणजे माझ्या बायकोचा आवाज आला. "तुमी मनावर घेऊ नका जी जावईबापू. तेलाचं नाव काढलं की यांचं डोकं फिरते."

फिरतं. खरं आहे. आता सत्तरी उलटली, पण या एका गोष्टीवर माझं डोकं अजून तसंच फिरतं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा' असं कळवलं आहे. गमती पुष्कळ आहेत. डोळे मिटून खुर्चीत झोपणारे आणि उठल्यावर 'अर्धीच केली का?' म्हणून भांडणारे साहेब मी पाहिले आहेत. पण मी गमती लिहिणार नाही. तेलाबद्दल लिहिणार आहे. ज्यांना चकल्या खाताना हलकंफुलकं वाचायचं असेल त्यांनी पुढचं पान उलटावं.

आम्ही मूळ वर्ध्याकडचे. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा सरकारी कचेऱ्यांबरोबर शेकडो मराठी कारकून इकडे आले. माझे वडील त्यांच्या मागोमाग आले. कारकून आले म्हणजे त्यांच्या दाढ्याही आल्या, हा त्यांचा साधा हिशेब. भोपाळच्या टी. टी. नगरात एका कडुलिंबाखाली खुर्ची टाकून त्यांनी सुरुवात केली. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो आणि पुढे मोठ्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, तिथल्या मार्केटात मला गाळा मिळाला. गाळा कंपनीचा, माणूस आपला. दरवर्षी कल्याण विभागाकडून त्याच्या कराराचं नूतनीकरण व्हायचं. हे नूतनीकरण लक्षात ठेवा. माझ्या भित्रेपणाचं मूळ तिथे आहे.

आता धंद्याचं थोडं सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं, साबण फासला, वस्तरा ओढला, झालं. वडिलांची रीत अशी होती. आधी गरम पाण्यात बुडवलेला रुमाल गालावर. मग तळहातावर चार थेंब तेल घ्यायचं आणि केसांच्या उलट्या दिशेनं बोटांनी मुळांपर्यंत जिरवायचं. तेल तिळाचं, त्यात जरासं एरंडेल. मोहरीचं नाही, ते चरचरतं. खोबऱ्याचं नाही, ते भोपाळच्या थंडीत बाटलीतच थिजतं. तेल जिरेपर्यंत वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासून घ्यायचा. मग वरून साबणाचा पातळ फेस. डाव्या अंगठ्यानं कातडी ताणायची, पण जरुरीपुरतीच, आणि वस्तरा केसांच्या दिशेनं न्यायचा. दुसरा हात, म्हणजे वस्तऱ्याची दुसरी फेरी, आडवी. उलटा हात कधीच नाही. तेलानं केस मऊ झालेला असतो, त्यामुळे उलटा हात न लावताही गाल गुळगुळीत होतो. शेवटी गार पाणी, तुरटी, संपलं.

उलटा हात का नाही? ज्याचा केस जाड आणि कुरळा, त्याला ताणून उलटा वस्तरा फिरवला की केस कातडीच्या आत तुटतो. मग वाढताना वाकून पुन्हा कातडीत शिरतो. तिथे पुटकुळी, पुटकुळीत पू, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पुटकुळीवर पुन्हा वस्तरा. हा त्रास ज्याला होतो त्यालाच कळतो.

देवचंद मेश्रामला तो होत होता. भंडाऱ्याकडचा पोरगा, बावीस-तेवीसचा, कारखान्याच्या सुरक्षा विभागात शिपाई म्हणून लागलेला. अजून प्रोबेशनवर होता. वर्षभर नीट निभावलं की नोकरी पक्की, क्वार्टर, गावाकडून आईला आणायचं, असं त्याचं सगळं ठरलेलं. अडचण एकच, त्याची दाढी. तारेच्या ब्रशासारखी.

सुरक्षा विभागाचे प्रमुख फौजेतून आलेले होते. रोज सकाळी परेड, आणि परेडमध्ये दाढीची तपासणी. ती कशी करत, हे ऐकून लोक हसतात, पण मी खोटं सांगत नाही. हातात कापसाचा बोळा घेऊन ते एकेकाच्या गालावरून फिरवत. कापसाचा तंतू गालाला चिकटला, तर दाढी नापास. "फिर अटका!" असं ओरडून ते वहीत नाव लिहीत. तीनदा नाव आलं की मेमो. मेश्रामला पहिल्याच महिन्यात दोन मेमो मिळाले होते, कारण घरी स्वतः दाढी करताना तो उलटा हात मारायचा, गाल सोलून निघायचा आणि फोडांपायी दुसऱ्या दिवशी नीट दाढीच व्हायची नाही.

कोणीतरी त्याला माझ्याकडे पाठवलं. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "काकाजी, गाल नुसता जळते जी. हात लावाले भेव लागते."

मी म्हटलं, "उद्यापासून परेडच्या आधी इथं येत जा. घरी वस्तऱ्याला हात लावायचा नाही."

चार थेंब तेल, सरळ हात, आडवा हात. पंधरा दिवसांत त्याच्या गालांवरचे फोड सुकले. महिन्यानं गेटवर उभा असला की नवरदेव वाटायचा. कापसाचा बोळा त्याच्या गालावरून घसरायला लागला. वहीत नाव नाही. त्यानं आईला पत्र लिहिलं की आता काही काळजी नाही, आणि ते पत्र मला वाचून दाखवलं. मला अभिमान वाटला, का वाटू नये?

आणि मग कर्णिक साहेब आले. नवे कल्याण अधिकारी, मुंबईकडचे. मराठी साहेब आले म्हणून मी मार्केटात पेढे वाटले होते, हे आठवलं की आज स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटतं. कर्णिक वाईट माणूस नव्हता. उद्धटही नव्हता. मला खुर्चीत बसवून बोलायचा, 'अहो चन्ने' म्हणायचा. वाईट असता तर मी त्याला घाबरलो असतो, पण त्याचं ऐकलं नसतं.

गाळ्यांच्या तपासणीला आला. आरसा पाहिला, टॉवेल पाहिले, मग फळीवरची माझी बाटली उचलली.

"हे काय आहे?"

"तेल आहे साहेब, तिळाचं. दाढीच्या आधी लावतो. घरीच बनवतो."

"लेबल कुठंय?"

"घरच्या तेलाला लेबल कसलं साहेब?"

त्यानं हातातली मान्य वस्तूंची यादी उलटली. "साबण आहे, क्रीम आहे, तुरटी आहे, जंतुनाशक आहे. तेल नाहीये, चन्ने. उद्या कुणाला काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी."

"तुम्ही कसे? गाळा कंपनीचा आहे." आणि मग अगदी आपुलकीनं म्हणाला, "असं करा, परवानगी मिळेपर्यंत हे वापरू नका. रीतसर अर्ज करा. मी स्वतः पुढे पाठवतो."

ज्या कारखान्यात तेलाशिवाय एक चाक फिरत नव्हतं, जिथे पिंपांनी तेल उतरायचं, तिथे माझ्या चार थेंबांना लेबल पाहिजे होतं. माझं एक गिऱ्हाईक होतं, सलीमभाई, कारखान्यात लोखंड कातायच्या लेथवर टर्नर. ऐकून तो इतका हसला की गालावरचा साबण माझ्या सदऱ्यावर उडाला. "चन्नेजी, हम लोग बिना तेल के लोहे पर कट नहीं लगाते, औज़ार जल जाता है। और ये साहब आदमी का गाल सूखा कटवाएँगे?"

मी बाटली खणात ठेवली आणि अर्ज केला. इथेच मी चुकलो, आणि ही चूक टाउनशिपमध्ये राहणाऱ्या माणसालाच सुचू शकते. माझ्या वडिलांना असं कोणी सांगितलं असतं तर त्यांनी 'हो साहेब' म्हटलं असतं आणि साहेबाची पाठ वळताच तेल लावलं असतं. लिंबाखाली बसणाऱ्या माणसाला यादी माहीत नसते. पण मी पंधरा वर्षं टाउनशिपमध्ये होतो. पाण्याच्या तोटीसाठी अर्ज, दिव्यासाठी अर्ज, दारापुढच्या पायरीसाठी अर्ज. अर्ज केला की काम सुरू झालं, असं मला मनापासून वाटायला लागलं होतं. अर्ज टाइप करून घेतला, तीन प्रती काढल्या, खाली सही केली, आणि घरी येऊन सिंधूला सांगितलं की साहेब स्वतः लक्ष घालणार आहेत.

ती भाकरी थापत होती. वर न पाहता म्हणाली, "गालाले तेल लावाले अर्ज लागते का?"

मी तिच्यावर ओरडलो. तुला नियमांतलं काय कळतं, असं काहीतरी म्हणालो.

फाईल निघाली. कल्याण विभागातून दवाखान्यात गेली. दवाखान्यानं विचारलं, तेलाचं प्रमाण किती? मी लिहून दिलं, प्रति दाढी चार थेंब. तिथून ती सेफ्टी विभागात गेली. त्यांनी विचारलं, तेल ज्वालाग्राही आहे काय? मी लिहून दिलं की पणतीत घातलं तर जळतं, गालावर जळत नाही. ते उत्तर म्हणे उद्धट वाटलं, म्हणून परत आलं. मी पुन्हा नम्रपणे लिहिलं. पुढे ती भांडार विभागात गेली. तिथे अशा तेलाचं काही मानकच नव्हतं, म्हणून पडून राहिली. दर सोमवारी मी दुकान बंद ठेवून चौकशीला जायचो. तिथला बाबू हसून म्हणायचा, "फाइल चल रही है, चन्नेजी।"

कबूल करायला लाज वाटते, पण कबूल करतो. मला ते आवडत होतं. माझ्या नावाची फाईल होती, तिला नंबर होता. मोठमोठे साहेब माझ्या चार थेंबांवर शेरे मारत होते. न्हाव्याच्या पोराला याचं अप्रूप वाटलं, आणि त्या अप्रूपात मी ज्याच्यासाठी अर्ज केला होता त्याच्या गालाकडे बघायचं राहून गेलं.

मेश्राम रोज सकाळी येतच होता. तेलाशिवाय सरळ हातानं त्याची दाढी कापसाला पास होत नव्हती. म्हणून मी उलटा हात लावायला लागलो. मी. वडिलांनी ज्याच्यावरून माझ्या बोटांवर पट्टा मारला होता, तो उलटा हात. पहिल्या आठवड्यात लाली, दुसऱ्यात पुटकुळ्या. तिसऱ्यात साबणाच्या फेसात रक्त दिसायला लागलं. तो खुर्चीचे हात घट्ट धरून बसायचा.

एके दिवशी त्यानं खणाकडे पाहिलं. "काकाजी, थे बाटली आतच हाय न जी?"

"आहे."

"चार थेंब टाकून द्या न जी. कोन पाह्यते?"

दुकानात कोणी नव्हतं. रस्त्यावर दूधवाल्याखेरीज माणूस नव्हता. खण माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता. त्या महिन्यात माझ्या गाळ्याचं नूतनीकरण होतं. मी म्हणालो, "थोडा दम धर बाबू. फाईल भांडारपर्यंत आली आहे. आता होतंच आहे."

तो म्हणाला, "बरं जी." आणि त्यानं मान मागे टेकवली.

हे लिहिताना मला कर्णिकचा राग येतो, कापसाच्या बोळ्याचा राग येतो, त्या बाबूच्या हसण्याचा राग येतो. पण हे तिन्ही राग एकत्र केले तरी त्या सकाळच्या माझ्या 'दम धर'पुढे काहीच नाहीत.

पुढचं लवकर घडलं. फोड पिकले, एक गाल सुजला, ताप आला. टाउनशिपच्या डॉक्टरांनी पंधरा दिवस दाढी करू नये अशी चिठ्ठी दिली. नेमकी त्याच आठवड्यात कारखान्यात मंत्र्यांची भेट ठरली. मुख्य गेटवर सुजलेल्या, दाढी वाढलेल्या गालांचा शिपाई चालणार नव्हता. चिठ्ठी दाखवली तर प्रमुख म्हणाले, चिठ्ठी खिशात ठेव, गाल दाखव. प्रोबेशनवरच्या माणसाला काढायला फारशी कारणं लागत नाहीत. 'गणवेशास अयोग्य' असं लिहून त्याला काढून टाकलं.

मला हे सलीमभाईकडून कळलं. मेश्राम सामान बांधून गेला होता. जाताना माझ्याकडे आला नाही. सलीमभाई त्या दिवशी दाढीला बसला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "मशीन आपने सूखी चलाई, चन्नेजी।" आणि गेला. त्यानंतर तो माझ्या दुकानात आला नाही. मीही त्याला कधी बोलावलं नाही.

आणि मग, सहा-सात महिन्यांनी, परवानगी आली. हो, आली! कर्णिक साहेब स्वतः पत्र घेऊन दुकानात आले, चेहरा फुललेला. 'सदर तेल वापरण्यास हरकत नाही. प्रति ग्राहक चार थेंबांपेक्षा अधिक वापरू नये. बाटलीवर लेबल असावे.' खाली चार सह्या. "बघा, म्हटलं होतं ना, रीतसर केलं की होतं," ते म्हणाले. मी हात जोडून आभार मानले. खरंच मानले. माझ्या जिभेला दुसरं काही येतच नव्हतं.

ते पत्र फाडून फेकावं असं मला शंभरदा वाटलं. फाडलं नाही, कारण पुढच्या तपासणीला दाखवावं लागणार होतं. चौकटीत घालून आरशाशेजारी लावलं. एका कागदाच्या चिठ्ठीवर 'तेल' असं लिहून बाटलीला चिकटवलं. गिऱ्हाइकं ते पत्र वाचून पोट धरून हसायची. मीही हसायचो. त्या मार्केटातला सगळ्यांत मोठा विनोद होता तो.

वर्षं गेली. कर्णिक बदलून गेले, सुरक्षा प्रमुख निवृत्त झाले, कापसाची तपासणी कधी बंद झाली ते कळलंही नाही. टाउनशिपमधली माणसं कमी होत गेली, क्वार्टरांच्या ओळीच्या ओळी ओस पडल्या. नवी पोरं घरीच दाढी करायला लागली. मी दुकान उघडायचो ते सवयीनं.

अशाच एका दुपारी एक माणूस दारात येऊन उभा राहिला. छातीपर्यंत दाढी, अर्धी पांढरी. मी ओळखलं नाही. तो म्हणाला, "काकाजी, मी देवचंद जी. मेश्राम."

मी खुर्ची पुसायला लागलो. पुसलेलीच होती, तरी पुसत राहिलो. तो गावी गेलाच नव्हता. भोपाळमध्येच, गोविंदपुऱ्यात एका छोट्या कारखान्यात चौकीदार म्हणून लागला होता, तिथेच सगळी वर्षं काढली. माझ्या दुकानापासून सायकलनं अर्ध्या तासावर. आईला त्यानं इथेच आणलं होतं, भाड्याच्या खोलीत. ती तिथेच वारली.

"पोरीचं लगीन हाय परवा," तो म्हणाला. "थे म्हंते, बाबा, फोटोत तुमचं तोंड तर दिसू द्या. म्हून आलो जी. त्या वक्तापासून वस्तऱ्याले हातच नाही लावला मी."

मी आधी कात्रीनं दाढी उतरवली. गरम रुमाल ठेवला. रुमाल काढला तेव्हा गालांवर जुने खड्डे दिसले, डाव्या गालावर जास्त. ते मी केले होते. माझ्या हातानं, माझ्या वस्तऱ्यानं, फाईल भांडार विभागात असताना. मला वाटलं, हा आता काहीतरी बोलेल. बोलावं असं वाटत होतं. चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्याचे पाय धरले असते.

मी फळीवरची बाटली उचलली. त्यानं आरशातून बाटलीकडे पाहिलं. मग मान वळवून दाराबाहेर रस्ता पाहिला, कोणी येतंय का ते. आणि आवाज खाली आणून, काळजीनं विचारलं, "आता चालते न जी, काकाजी? तुमाले कोनी काही म्हननार तं नाही न?"

टोमणा नव्हता तो. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्याला खरंच माझ्या गाळ्याची काळजी होती.

मी बाटली तळहातावर उपडी केली. तेल बोटांतून निसटून त्याच्या मानेवर, पांढऱ्या कापडावर, माझ्या मनगटावर ओघळलं. त्या दिवशी मी थेंब मोजले नाहीत.